पसंतीक्रमाचं गणित

बारावी विज्ञानाचा निकाल लागला, सीईटीचे आकडे आले, की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत एकच प्रश्न फिरू लागतो: एवढ्या पर्सेंटाइलला कुठलं कॉलेज मिळेल? शेजारी विचारतात, मामा फोन करून विचारतो, क्लासवाले अंदाज सांगतात. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. इंजिनीअरिंगची जागा फक्त पर्सेंटाइलवर मिळत नाही. गुणवत्ता यादीतला क्रमांक, विद्यार्थ्याचा प्रवर्ग व विद्यापीठ क्षेत्र, हातात असलेली कागदपत्रं आणि त्याने स्वतः भरलेला पसंतीक्रम या चार गोष्टी मिळून ती ठरते. पहिली गोष्ट परीक्षा संपताच आपल्या हातातून जाते. बाकीच्या तिन्हींबाबत मात्र शांतपणे, वेळेत आणि नियम वाचून बरंच काही करता येतं. ते कसं, हे समजून घेण्यासाठी आधी हे नियम आले कुठून ते पाहू.

देणगीपासून नियमापर्यंत

पुण्यात १८५४ साली सुरू झालेलं इंजिनीअरिंगचं शिक्षण, मुंबईत १८८७चं व्हीजेटीआय, सांगलीत १९४७चं वालचंद, पुढे १९६०मध्ये कराड आणि औरंगाबादची सरकारी महाविद्यालयं. बराच काळ महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंगच्या जागा अशा मोजक्या संस्थांमध्ये सामावलेल्या होत्या. प्रवेश गुणांवर होत असे. आधी इंटर सायन्सच्या आणि नंतर बारावीच्या. जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ, त्यामुळे दरवर्षी अनेक मुलं कर्नाटकातल्या खासगी महाविद्यालयांची वाट धरत.

वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३मध्ये, विनाअनुदानित इंजिनीअरिंग महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि चित्र पालटलं. साखर कारखान्यांच्या परिसरात, तालुक्याच्या गावी महाविद्यालयं उभी राहिली. ग्रामीण भागातल्या कित्येक घरांतला पहिला इंजिनीअर याच महाविद्यालयांनी घडवला. पण जागा वाढल्या तशी देणगीही आली. गुण कमी आणि पैसा जास्त असलेल्याला जागा मिळते, गुण असूनही पैसा नसलेल्याला मिळत नाही, ही खदखद वाढत गेली. १९८७मध्ये राज्याने कॅपिटेशन फी घेण्यावर बंदी घालणारा कायदा केला.

पुढची लढाई सर्वोच्च न्यायालयात झाली. १९९२च्या मोहिनी जैन खटल्यात न्यायालयाने कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरवली. १९९३च्या उन्नीकृष्णन निकालाने खासगी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा सरकारी दराच्या शुल्कात, निम्म्या जास्त शुल्कात, पण सगळ्या गुणवत्तेवर, अशी योजना घालून दिली. २००२मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने टी. एम. ए. पै खटल्यात ती योजना रद्द करून खासगी संस्थांना स्वायत्तता दिली; मात्र प्रवेश पारदर्शक व गुणवत्तेवर असावा आणि नफेखोरी नसावी, ही अट ठेवली. २००३च्या निकालाने शुल्क आणि प्रवेशावर देखरेख करणाऱ्या समित्या आल्या. २००५चा इनामदार खटला तर महाराष्ट्रातूनच गेलेला. त्यात राज्याला खासगी विनाअनुदानित संस्थांवर आपलं आरक्षण लादता येणार नाही असं न्यायालयाने म्हटलं, आणि त्यानंतर ९३व्या घटनादुरुस्तीने अशा संस्थांत आरक्षणाची वाट पुन्हा खुली केली.

हे सगळं पचवून महाराष्ट्राने २०१५मध्ये विनाअनुदानित खासगी व्यावसायिक शिक्षण संस्थांच्या प्रवेश व शुल्काचा कायदा केला. आज आपण ज्याला सीईटी सेल म्हणतो तो राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष, प्रवेशांवर लक्ष ठेवणारं प्रवेश नियामक प्राधिकरण आणि फी ठरवणारं शुल्क नियामक प्राधिकरण या कायद्यातून उभे राहिले. हा इतिहास इथे सांगण्याचं कारण असं, की कॅप म्हणजेच केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया हा सरकारी कारभाराचा आणखी एक अर्ज नाही. ओळख, देणगी आणि शिफारस यांना बाजूला सारण्यासाठी दोन पिढ्यांनी झगडून मिळवलेली ती व्यवस्था आहे.

गुण आणि क्रमांक

एमएचटी-सीईटीचा इंजिनीअरिंगसाठीचा पीसीएम गट २०० गुणांचा असतो. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, तर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे. म्हणजे निम्मं वजन एकट्या गणिताचं. अकरावीच्या अभ्यासक्रमावर साधारण २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमावर ८० टक्के भर असतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही.

मध्ये दोन वर्षं, २०१४ आणि २०१५मध्ये, राज्याने आपली सीईटी बाजूला ठेवून जेईई मेन आणि बारावीचे गुण यांवर इंजिनीअरिंगचे प्रवेश केले. २०१६पासून सीईटी परत आली आणि २०१९पासून ती संगणकावर, अनेक सत्रांत होऊ लागली. सत्रं अनेक झाली की एखादी प्रश्नपत्रिका सोपी, एखादी अवघड निघणारच. म्हणून गुणांची जागा पर्सेंटाइलने घेतली. समजा, एका सत्रात १०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांतल्या ९,७०० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत, तर तुमचा पर्सेंटाइल ९७. याचा अर्थ ९७ टक्के गुण असा नाही. तुम्ही आपल्या सत्रातल्या मुलांमध्ये कुठे उभे आहात, एवढंच हा आकडा सांगतो. तुलना त्याच सत्रातल्या मुलांशी असल्याने अवघड पेपर मिळालेल्यावर अन्याय होत नाही.

आणखी एक हिशेब डोक्यात ठेवावा. परीक्षेला तीन लाख मुलं बसली असं धरलं, तर एका पर्सेंटाइलमध्ये तीन हजार मुलं येतात. म्हणूनच पर्सेंटाइल दशांशचिन्हानंतर सात स्थळांपर्यंत दिला जातो. ९८ आणि ९९ यांत घरच्यांना फरक वाटत नाही, पण गुणवत्ता यादीत तो हजारो क्रमांकांचा असतो. म्हणून कॉलेजांचा अंदाज बांधताना पर्सेंटाइलपेक्षा गुणवत्ता क्रमांक हाताशी धरणं जास्त उपयोगाचं.

एका जागेला किती नावं

सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या जागा कॅपमधून भरतात. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांत २० टक्के जागा संस्था स्तरावर भरल्या जातात. अनिवासी भारतीयांच्या जागा त्यातच येतात. काही वाटा अखिल भारतीय जागांचा, जेईई मेनच्या गुणवत्तेवर. उरलेल्या राज्याच्या.

राज्याच्या वाट्यातल्या जागांची विभागणी अनेक महाविद्यालयांत होम युनिव्हर्सिटीसाठी ७० टक्के आणि इतर विद्यापीठ क्षेत्रांसाठी ३० टक्के अशी होते. महाराष्ट्रात दहावी-बारावी केलेल्या विद्यार्थ्याची होम युनिव्हर्सिटी तो बारावी कुठून उत्तीर्ण झाला यावरून ठरते, घर कुठे आहे यावरून नाही. हे पालकांच्या फार उशिरा ध्यानात येतं. पुण्याचा मुलगा अकरावी-बारावीला लातूरला गेला आणि तिथून परीक्षा दिली, तर त्याचं विद्यापीठ क्षेत्र नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं होतं. मग पुण्यातल्या अशा महाविद्यालयात तो बाहेरचा ठरतो आणि ३० टक्क्यांच्या वाट्यात स्पर्धा करतो. अकरावीचं कॉलेज निवडताना ही गोष्ट माहीत हवी.

त्यावर प्रवर्गांचं आरक्षण: अनुसूचित जाती १३ टक्के, अनुसूचित जमाती ७, इतर मागासवर्ग १९, विमुक्त आणि भटक्या जमातींचे चार गट मिळून ११, त्याशिवाय आर्थिक दुर्बल घटक १० आणि २०२४च्या कायद्याने एसईबीसी म्हणजे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग १०. मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण. शिवाय दिव्यांग, सैनिकांची मुलं आणि अनाथ यांच्यासाठी वेगळ्या तरतुदी. कट-ऑफच्या यादीत जे कोड दिसतात ते याच विभागणीचे. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीची जागा. मधली अक्षरं प्रवर्ग सांगतात. शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे इतर विद्यापीठ क्षेत्र, एस म्हणजे राज्य स्तर. हे तीन तुकडे ओळखता आले की ती क्लिष्ट यादी सहज वाचता येते.

याच नियमांत सीमाभागाची एक आठवण जपलेली आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातल्या गावांत राहणाऱ्या, तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेतून शिकलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी उमेदवारीचा 'ई' हा स्वतंत्र प्रकार आहे. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी मुलामुलींना महाराष्ट्रात शिकण्याचा हक्क या तरतुदीने मिळतो. तो त्यांच्यापर्यंत पोहोचवणं हे आपल्या सगळ्यांचं काम आहे.

कागदपत्रांचा काळ

प्रवर्गाचा लाभ कागदाशिवाय मिळत नाही. जातीचा दाखला, जात पडताळणी समितीकडून मिळणारं वैधता प्रमाणपत्र, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसह बऱ्याच प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेअर, आर्थिक दुर्बल घटकाला त्याचं पात्रता प्रमाणपत्र आणि अधिवासाचा दाखला. यातलं वैधता प्रमाणपत्र सगळ्यात वेळखाऊ. वाडवडिलांच्या शाळेचे जुने दाखले, गावच्या नोंदी शोधाव्या लागतात आणि समितीच्या चौकशीला महिने जातात. ते वेळेत नसेल तर विद्यार्थी खुल्या प्रवर्गात गणला जाऊ शकतो आणि हक्काची जागा निसटते. काही वर्षी सरकारने अर्जाच्या पावतीवर मुदत दिली आहे, पण मुदत मिळेलच असं धरून चालणं घातक आहे. अकरावीत प्रवेश घेतला की लगेच अर्ज करावा. हुशार पोराचं वर्ष एका कागदावाचून वाया जाणं हे दुर्दैव नव्हे. ते टाळता येण्यासारखं नुकसान आहे.

नोंदणी आणि कागदपत्र तपासणी झाल्यावर तात्पुरती गुणवत्ता यादी लागते, हरकतींसाठी मुदत मिळते आणि मग अंतिम यादी येते. तात्पुरत्या यादीत आपलं नाव, प्रवर्ग आणि गुण बारकाईने तपासावे. चूक दुरुस्त करण्याची खिडकी तेवढीच असते.

पसंतीक्रम भरताना

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येऊ. कॅपच्या अर्जात विद्यार्थी महाविद्यालय आणि शाखा यांची जोडी पसंतीनुसार क्रमाने भरतो. तब्बल ३०० पर्याय देता येतात. इथे पालकांना भीती वाटते: 'वरचं कॉलेज पहिलं टाकलं आणि नाही मिळालं, तर दुसऱ्यातही संधी जाईल.' या भीतीपोटी अनेकजण मनातलं कॉलेज खाली ढकलतात किंवा टाकतच नाहीत.

संगणक काय करतो ते पाहा. तो अंतिम गुणवत्ता यादी घेतो आणि पहिल्या क्रमांकापासून खाली येतो. प्रत्येक विद्यार्थ्याची पसंती वरून खाली वाचतो आणि त्याला पात्र अशी जी पहिली जागा शिल्लक असेल ती देतो. समजा, एका टप्प्यावर तीनच जागा उरल्या आहेत: पुण्यातल्या एका महाविद्यालयात कॉम्प्युटरची एक, मुंबईत कॉम्प्युटरची एक आणि सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सची एक. आता क्रमांक १०१, १०२ आणि १०३ची पाळी आहे. १०१ आणि १०२ दोघांनीही पुणे पहिलं, मुंबई दुसरं लिहिलं आहे. १०३ने मुंबई पहिलं, सांगली दुसरं लिहिलं आहे. १०१ला पुणे मिळतं. १०२चा पहिला पर्याय गेला, म्हणून संगणक त्याचा दुसरा पाहतो आणि मुंबई देतो. १०३ला सांगली मिळते. १०२ने भीतीपोटी मुंबई पहिली लिहिली असती तरी त्याला मुंबईच मिळाली असती. पुणे वर लिहिल्याने त्याचं काहीही बिघडलं नाही. १०३नेही मुंबई आधी लिहून सांगली गमावली नाही. वरच्या पर्यायाला नकार मिळाल्याने खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क कमी होत नाही, कारण रांगेतली तुमची जागा गुणवत्ता क्रमांकाने आधीच पक्की झालेली असते.

ही भीती अगदीच निराधार नाही. ती दुसऱ्या प्रकारच्या व्यवस्थांतून आलेली आहे. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात शाळाप्रवेशाची जुनी पद्धत अशी होती, की आधी सगळ्यांची पहिली पसंती भरायची आणि उरलेल्या जागा मग दुसऱ्या पसंतीवाल्यांना. तिथे पहिली पसंती चुकली की दुसरी शाळा तोवर भरून गेलेली असे. त्यामुळे जाणकार पालक मनातली शाळा न लिहिता मिळण्याजोगी शाळा लिहीत आणि ही युक्ती ठाऊक नसलेल्यांची मुलं मागे पडत. अर्थतज्ज्ञांनी हा दोष दाखवून दिल्यावर बॉस्टनने २००५मध्ये ती पद्धत सोडली. तिची जागा घेणाऱ्या पद्धतीचं मूळ डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२मध्ये लिहिलेल्या महाविद्यालयीन प्रवेशावरच्या एका छोट्या शोधनिबंधात आहे. या विषयावरच्या कामासाठी शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना २०१२चं अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. चांगल्या प्रवेशपद्धतीत खरं लिहिणाऱ्याला तोटा होऊ नये, हा या अभ्यासातला एक मोठा धडा आहे. जिथे सगळ्यांची एकच गुणवत्ता यादी असते, तिथे क्रमाने खाली येणारी साधी पद्धतसुद्धा हे काम चोख करते.

आरक्षणाचा हिशेबही याच रांगेत होतो. राखीव प्रवर्गातली विद्यार्थिनी आपल्या क्रमांकावर खुल्या जागेत बसत असेल, तर तिला खुली जागा मिळते आणि प्रवर्गातली जागा त्याच प्रवर्गातल्या पुढच्या विद्यार्थ्यासाठी राहते. राखीव प्रवर्गाचं नाव लिहिल्याने खुल्या जागेचा हक्क जातो, हा समज चुकीचा आहे.

कट-ऑफबद्दलही हेच ध्यानात ठेवावं. तो कुणी आधी ठरवत नाही. शेवटची जागा ज्या क्रमांकाला मिळाली तो कट-ऑफ. गेल्या वर्षीचा आकडा हा गेल्या वर्षीच्या मुलांच्या पसंतीचा परिणाम असतो. अंदाजासाठी तो वापरावा, पण त्याच्या धाकाने आपली यादी कापू नये.

फेऱ्या आणि फ्रीझ

२०२५-२६पासून कॅपच्या चार फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर ती घ्यावीच लागते, म्हणजे ती फ्रीझ होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींपैकी जागा मिळाली तर हाच नियम. ती नाकारणारा पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडतो. त्याखालची पसंती मिळाली, तर ती स्वीकारून बेटरमेंटसाठी पुढे जाता येतं. चांगली जागा मिळाली की आधीची आपोआप सुटते आणि नाही मिळाली तर आधीची कायम राहते.

यामुळे वरच्या गणिताला एक जोड द्यावी लागते. एका फेरीपुरता खरा क्रम हाच सर्वोत्तम क्रम. पण फेऱ्या अनेक आणि वरचे पर्याय बंधनकारक असल्यावर पहिल्या तीन-सहा ओळींत केवळ भरायचं म्हणून काही भरू नये. जी शाखा मिळाल्यावर चार वर्षं मनापासून शिकू, तीच तिथे असावी. मित्राने टाकली म्हणून टाकलेली पहिली पसंती मिळाली, तर परतीची वाट बंद होते. आणि यादी लांब ठेवावी. मोजके दहा-बारा पर्याय भरून हात रिकामे राहिल्याची उदाहरणं दरवर्षी दिसतात.

बाकीची दारं

आयआयटीसाठी जेईई मेननंतर जेईई अॅडव्हान्स्ड द्यावी लागते, एनआयटीसाठी जेईई मेन पुरते, आणि दोन्हींच्या जागा २०१५पासून जोसा या संयुक्त जागावाटप यंत्रणेमार्फत एकत्र वाटल्या जातात. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात, हे विदर्भाबाहेरच्या मुलांनीही ध्यानात ठेवावं.

दुसरं दार पॉलिटेक्निकचं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तोही सीईटीशिवाय, डिप्लोमाच्या गुणांवर. लवकर हाताला काम हवं आणि शिक्षणही सोडायचं नाही, अशा घरांसाठी ही वाट फार मोलाची आहे. डिप्लोमावाल्यांकडे कमी लेखून पाहण्याची सवय आपण सोडली पाहिजे. वर्कशॉपमध्ये त्यांचा हात आधीच बसलेला असतो.

पैशाचा विचार करताना लक्षात ठेवावं, की शुल्काच्या मोठ्या सवलती कॅपमधून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. गुणवत्तेवर मिळणाऱ्या ट्यूशन फी वेव्हर योजनेच्या ५ टक्के अधिसंख्य जागा आहेत. आणि २०२४-२५पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरतं. मुलीच्या शिक्षणाचा खर्च झेपणार नाही म्हणून तिला थांबवण्याआधी हे एक वाक्य त्या घरात पोहोचायला हवं. संस्था स्तरावरची जागा घेताना मात्र सवलती मिळतील का, हे लेखी विचारून घ्यावं.

महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा शाखा पाहावी. नॅकचं मूल्यांकन संपूर्ण संस्थेचं असतं, एनबीएचं एकेका अभ्यासक्रमाचं. म्हणून आपल्या शाखेला एनबीए आहे का ते पाहावं. २०२४मध्ये एआयसीटीईने शाखांतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढली आणि अनेक ठिकाणी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. तुकड्या वाढल्या तितके चांगले शिक्षक वाढले का, हे तिथल्या विद्यार्थ्यांना विचारावं. मराठीतून शिकायचं असेल तर तीही सोय आता आहे. पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगने २०२१-२२मध्ये कॉम्प्युटर इंजिनीअरिंग मराठीतून सुरू केलं.

नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची सीईटी सेलची माहितीपुस्तिका हाच शेवटचा शब्द मानावा. शहरात ती वाचून सांगणारे सल्लागार पैसे घेऊन मिळतात. खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात हे काम शिक्षकांनीच करायला हवं: अकरावीत जात वैधतेचा अर्ज भरून घेण्यासाठी एक तास, बारावीच्या सुट्टीत पसंतीक्रम समजावण्यासाठी दोन तास. नियम सगळ्यांसाठी सारखे आहेत, पण ते माहीत असणाऱ्यालाच त्यांचा फायदा होतो. देणगीची भिंत कायद्याने पाडली. माहितीच्या अभावाची भिंत उरली आहे, आणि ती पाडायला कायदा लागत नाही. गावातला एक शिक्षक आणि छापील माहितीपुस्तिकेची एक प्रत पुरेशी आहे.